डिस्टिलरीचं नाव नसलेली धुरकट सिंगल माल्ट: काय तपासावं, चव कशी घ्यावी

बाटलीवर ‘आयला सिंगल माल्ट’ असं ठळक छापलेलं असतं, पण डिस्टिलरीचं नाव शोधूनही सापडत नाही. किंवा ‘पीटेड इंडियन सिंगल माल्ट’ असं लिहून खाली एखाद्या कंपनीचा पत्ता असतो आणि त्या कंपनीची स्वतःची भट्टी आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो. अशी बाटली घरात आली की वाचकांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात: ही खरी आहे का, ही कुठली आहे, आणि नुसती चव घेऊन ते ओळखता येतं का? पहिल्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर लेबलावरच असतं. दुसऱ्याचं उत्तर अनेकदा मिळतच नाही. तिसऱ्याबद्दल मात्र खूप गैरसमज आहेत, आणि त्यांच्यामुळे लोक चांगल्या बाटल्या नाकारतात नाहीतर सामान्य बाटल्यांना भलते पैसे मोजतात. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की धूर म्हणजे पत्ता नव्हे. मोड आणलेली बार्ली वाळवताना खाली काय जळत होतं, इतकंच धूर सांगतो. भट्टी कुठे होती आणि मालक कोण, ही माहिती त्यात नसते.

धूर येतो कुठून

बार्ली भिजवून तिला मोड आणतात आणि ते वेळेवर थांबवण्यासाठी ती गरम हवेवर वाळवतात. त्या आगीत पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून दबलेला वनस्पतींचा थर, जाळला तर त्याच्या धुरातली फिनॉल गटातली द्रव्यं दाण्याला चिकटतात. हीच द्रव्यं पुढे आंबवणीतून आणि भट्टीतून पार होत पेल्यापर्यंत येतात. लेबलावर किंवा जाहिरातीत ‘35 पीपीएम’ (दहा लाख भागांत 35 भाग) असा या द्रव्यांचा आकडा दिसतो तो बहुधा या वाळवलेल्या बार्लीवर मोजलेला असतो, बाटलीतल्या दारूत नव्हे. दळण, आंबवणी, ऊर्ध्वपातन आणि पिंपातली वर्षं या सगळ्यांत त्यातला मोठा भाग निघून जातो. त्यामुळे दोन बाटल्यांचे पीपीएम आकडे शेजारी ठेवून कुठली जास्त धुरकट लागेल हे ठरवू नका.

याचा सगळ्यात चांगला पुरावा स्कॉटलंडच्या आयला बेटावरच आहे. लागावुलिन आणि कल ईला या दोन्ही डिस्टिलऱ्या पोर्ट एलनच्या एकाच माल्टिंगमधून साधारण 35 पीपीएमच्या आसपासची बार्ली घेतात, तरी पेल्यात दोघींचा स्वभाव पूर्ण वेगळा आहे. लागावुलिन जड आणि गोडसर, कल ईला हलकी आणि थोडी तेलकट. भट्टीचा आकार, ऊर्ध्वपातनाचा वेग आणि बाहेर पडणाऱ्या दारूचा मधला भाग नेमका कुठे कापून घेतला यावर हा फरक ठरतो. त्याच बेटावरच्या बुनाहावन आणि ब्रुकलाडी यांची बरीचशी व्हिस्की धुराशिवाय बनते, म्हणजे आयला म्हटलं की धूर असलाच पाहिजे असं नाही. उलट बाजूने पाहिलं तर स्काय बेटावरची टॅलिस्कर, हायलंडमधली आर्डमोर, आयर्लंडची कॉनेमारा, जपानची योइची, बंगळूरची अमृत पीटेड आणि गोव्याची पॉल जॉन पीटेड यांपैकी एकही आयलाची नाही आणि सगळ्यांत धूर आहे.

धुराचे आणखी दोन रस्ते आहेत. आधी धुरकट व्हिस्की भरलेल्या पिंपात साधी माल्ट मुरवली तर तिला मंद धूर लागतो. आणि आतून खूप जाळलेलं ओकचं पिंप करपलेल्या लाकडाचा वास देतं, तोही पुष्कळांना धूरच वाटतो. ‘स्मोकी’ आणि ‘पीटेड’ हे शब्द लेबलावर एकाच अर्थाने येतात असं म्हणूनच गृहीत धरू नका.

गोव्यातली गोष्ट

दक्षिण गोव्यात सासष्टी तालुक्यातल्या कुंकळ्ळीला जॉन डिस्टिलरीजची भट्टी आहे. तिथली पॉल जॉन सिंगल माल्ट 2012 मध्ये आधी ब्रिटनमध्ये बाजारात आली. मायकेल डिसूझा हे तिथले मास्टर डिस्टिलर. बार्ली हिमालयाच्या पायथ्याकडची, कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेल्या जातीची, आणि पीट मात्र स्कॉटलंडचं. ‘एडिटेड’मध्ये धूर थोडा, ‘बोल्ड’मध्ये भरपूर, आणि ‘पीटेड सिलेक्ट कास्क’ 55.5 टक्क्यांची. यावर एक आक्षेप नेहमी येतो: पीट बाहेरून आणलं तर ही नक्कलच नाही का? हा आक्षेप टिकत नाही. स्कॉटलंडमधल्या बहुतेक डिस्टिलऱ्या बार्ली स्वतः वाळवत नाहीत, मोठ्या माल्टिंग कंपन्यांकडून घेतात. त्यांची पिंपं अमेरिकेतल्या बर्बनची किंवा स्पेनमधल्या शेरीची असतात. सगळा माल एकाच गावचा ही अट लावायची झाली तर स्कॉटलंडच्याही फार थोड्या बाटल्या उरतील. व्हिस्कीला ओळख मिळते ती भट्टीतून आणि हवामानातून.

आणि हवामानाचा हिशेब इथे फार मोठा आहे. पिंपातून वर्षाला उडून जाणारा भाग स्कॉटलंडमध्ये साधारण 2 टक्के असतो, गोव्यात तो 8 टक्क्यांच्या आसपास जातो. 100 लिटर भरले तर स्कॉटलंडमध्ये 12 वर्षांनी सुमारे 78 लिटर उरतील. गोव्यात 6 वर्षांतच 61 लिटर राहतील, आणि 12 वर्षं थांबलात तर जेमतेम 37. उष्णतेने लाकूडही लवकर उतरतं, म्हणून गोव्याची धुरकट माल्ट कमी वयातही दाट, गोड आणि मसालेदार लागते. वयाचा आकडा नसलेली भारतीय बाटली दिसली म्हणून तिला कच्ची ठरवू नका. स्कॉटलंडच्या 12 वर्षांशी तिची तुलना आकड्यावरून करता येत नाही.

आधी लेबल वाचा

नाव नाही म्हणजे काहीतरी लपवाछपवी आहे, हा सर्रास होणारा निष्कर्ष चुकीचा आहे. डिस्टिलऱ्या आपली काही पिंपं दलालांना आणि इतर कंपन्यांना विकतात आणि करारात आपलं नाव वापरू नये अशी अट घालतात, कारण आपल्याच महाग बाटलीशेजारी तीच दारू स्वस्तात दिसलेली त्यांना नको असते. ‘फिनलॅगन’ आणि ‘स्मोकहेड’ या आयलाच्या सिंगल माल्ट वर्षानुवर्षं अशाच, डिस्टिलरीचं नाव न सांगता विकल्या जातात. आपल्याकडे डहाणूच्या साउथ सीज़ डिस्टिलरीचं उदाहरण आहे. पालघर जिल्ह्यातली ही भट्टी दीर्घकाळ इतर कंपन्यांना माल्ट पुरवत राहिली. ती दारू पिणाऱ्यांना डहाणूचं नाव कधी दिसलंही नसेल. अलीकडे तिने ‘क्रेझी कॉक’ नावाने स्वतःची सिंगल माल्ट काढली आणि त्यातल्या एका प्रकाराचं नावच ‘धुआ’ ठेवलं. नाव नसलेल्या बाटलीमागेही अशी जाणकार भट्टी असू शकते.

तेव्हा नाव सोडून बाकीचे शब्द नीट वाचा. 2009 च्या स्कॉच व्हिस्की नियमांनी त्यातल्या काहींना कायदेशीर अर्थ दिला आहे:

- ‘सिंगल माल्ट स्कॉच’: एकाच डिस्टिलरीची, फक्त मोड आणलेल्या बार्लीची, पॉट स्टिलमध्ये काढलेली, ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं मुरलेली आणि किमान 40 टक्क्यांची.
- ‘आयला’, ‘हायलंड’, ‘स्पेसाइड’ वगैरे: संपूर्ण ऊर्ध्वपातन त्याच प्रदेशात झालं असेल तरच हे लिहिता येतं. म्हणजे ‘आयला सिंगल माल्ट स्कॉच’ एवढ्या शब्दांतून तुम्हाला बेट कळलेलं असतं, फक्त दार कळलेलं नसतं.
- ‘ब्लेंडेड माल्ट’: एकाहून अधिक डिस्टिलऱ्यांची माल्ट. एका पिंपात दुसरीकडची थोडीशी माल्ट मुद्दाम मिसळून तिचा ‘सिंगल’ दर्जा काढून टाकण्याची पद्धतही आहे. दारू वाईट असते असं नाही, पण सिंगल माल्टचा भाव देऊ नका.
- वयाचा आकडा: बाटलीतल्या सगळ्यात कोवळ्या भागाचं वय.
- रंग: यावरून काहीही ठरवू नका. स्कॉचमध्ये कॅरामेलचा रंग घालायला परवानगी आहे.

एक खूण मात्र कायम लक्षात ठेवा. 23 नोव्हेंबर 2012 पासून सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते. लेबलावर ‘सिंगल माल्ट स्कॉच’ आणि ‘भारतात बाटलीबंद’ असं एकत्र दिसलं तर ती बाटली परत ठेवा. ब्लेंडेड स्कॉच मोठ्या प्रमाणात सुटी येऊन भारतात बाटलीबंद होते आणि ते कायदेशीर आहे. सिंगल माल्टला ती सवलत नाही. आयात बाटलीवर मूळ देश, आयातदाराचं नाव आणि पत्ता, आणि छापील किंमत असलीच पाहिजे. डिस्टिलरीचं नाव नसणं चालतं, यांपैकी काही नसणं चालत नाही.

चव घेण्याच्या पायऱ्या

धुराचा वास जोरकस असल्याने नाक त्याला फार लवकर सरावतं आणि काही मिनिटांत तो कळेनासा होतो. म्हणून धुरकट माल्ट चाखताना घाई आणि मोठे पेग दोन्ही नुकसान करतात. पुढचा क्रम त्यावर बेतलेला आहे.

1. खोली: उदबत्ती, डासांची कॉइल, सिगारेट आणि तळणीचा धूर आधी घराबाहेर काढा. हे असताना धुरकट दारूबद्दल कुठलंही मत बनवणं व्यर्थ आहे. कोकणातल्या किंवा मुंबईच्या उन्हाळ्यात 32 अंशांवर अल्कोहोल नाकात भिनतं आणि बाकी काही कळत नाही. पंख्याखाली नव्हे तर थंड खोलीत, 20 ते 22 अंशांच्या आसपास बसा. बर्फ मात्र टाकू नका, तो वास दाबतो.
2. पेला: तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता. 15 ते 20 मिलिलिटर ओता आणि पाच-दहा मिनिटं तसाच ठेवा.
3. वास: नाक पेल्यात खुपसू नका. पेला हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, दोन हलके श्वास घ्या आणि बाजूला व्हा. धूर येईलच. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत धुराच्या मागे काय आहे ते शोधा.
4. घोट: पहिला अगदी लहान, फक्त जीभ ओली करायला. दुसरा तोंडात काही क्षण फिरवून गिळा आणि मग नाकाने श्वास सोडा. धुराचा खरा अंदाज या उलट्या श्वासात येतो.
5. पाणी: ड्रॉपरने किंवा चमच्याने, थेंब-थेंब. नळाचं पाणी वापरू नका. त्यातल्या क्लोरीनचा वास दवाखान्यातल्या औषधासारखा असतो आणि आयलाच्या व्हिस्कीतही तोच शोधायचा असतो, त्यामुळे पाण्याचा दोष दारूच्या गुणात जमा होतो.
6. रिकामा पेला: धुऊ नका, झाकूनही ठेवू नका. सकाळी वास घ्या. अल्कोहोल उडून गेलेलं असतं. पीटचा धूर असेल तर गार राख आणि काहीसं गोड असं मागे राहतं. धूर फक्त करपलेल्या पिंपाचा असेल तर बहुधा लाकूड आणि व्हॅनिलाच उरतं.

‘चांगल्या माल्टमध्ये पाणी घालणं हा गुन्हा’ हे मत तुम्ही ऐकलं असेल. धुरकट माल्टच्या बाबतीत ते उलटं आहे. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी 2017 मध्ये संगणकावर केलेल्या अभ्यासात ग्वायकॉल या धुराच्या वासाच्या द्रव्याचा माग काढला. अल्कोहोल 45 टक्क्यांपर्यंत असताना ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे, म्हणजे तुमच्या नाकाकडे, राहतं. 59 टक्क्यांच्या वर ते अल्कोहोलच्या रेणूंत वेढलं जाऊन आत मिसळतं. हे संगणकी प्रतिरूप आहे, पेल्यातला प्रयोग नव्हे, हे खरं. पण पॉल जॉन पीटेडसारखी 55.5 टक्क्यांची बाटली पाण्याविना बंद आणि चार थेंबांनी मोकळी का होते, याचं सयुक्तिक कारण त्यातून मिळतं. 46 टक्क्यांच्या बाटलीला फारसं पाणी लागणार नाही, 42.8 च्या बाटलीला बहुधा नाहीच.

चवीला शब्द आपल्या घरातले

परदेशी चव-वर्णनातली हेदर, ब्रॅम्बल वगैरे नावं पाठ करण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडे धुराची जाण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, फक्त ती स्वयंपाकघरातली आहे म्हणून आपण ती पेल्याजवळ आणत नाही. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याची साल, हुरड्याची आगटी, विझलेल्या चुलीची राख: या वासांमागे ग्वायकॉलसारखी द्रव्यं असतात. डांबर, आयोडीन, जखमेवरची पट्टी हा क्रेसॉल या धुरातल्याच दुसऱ्या द्रव्याचा भाग. आयलाच्या पीटमध्ये शेवाळ आणि किनाऱ्याची वनस्पती असते, त्यामुळे हा दवाखान्याचा वास साधारणपणे तिथल्या पीटमधून जास्त येतो, तर मुख्य भूमीवरच्या पीटचा धूर लाकडाकडे झुकतो. सुक्या बांगड्याचा किंवा खाडीच्या चिखलाचा खारटपणा जाणवला तर तोही लिहून ठेवा. भाजलेलं खोबरं आणि व्हॅनिला बहुधा अमेरिकन ओकमधून येतं, खजूर आणि मनुका शेरीच्या पिंपातून. काकवी, चिकू, मिरी, वेलची असं काही पुढे आलं तर उष्ण हवेत लवकर मुरलेल्या दारूचा संशय घ्यायला जागा आहे. पण फक्त संशय. आयलाचं पीट गोव्यातही जळतं, म्हणून आयोडीनच्या वासावरून बेट सिद्ध होत नाही.

खरंच ओळखता येतं का

यावर उत्तर येतं की जाणकार लोक डोळे झाकून लागावुलिन ओळखतात. काही जण ओळखतातही, पण ते ठरावीक दहा-बारा बाटल्यांमधून निवड करत असतात. नाव नसलेल्या बाटलीची यादी तेवढ्यावर थांबत नाही. बुनाहावनसारखी साध्या माल्टची डिस्टिलरी धुरकट माल्टही काढते, आणि दलालांकडे जाणारी पिंपं अनेकदा कोवळी आणि साध्या, पुन्हा भरलेल्या लाकडातली असतात. डिस्टिलरी स्वतःच्या नावाने जी चव विकते ती या पिंपांत असेलच असं नाही. म्हणून ‘ही अमुकच’ असं दुकानदाराने किंवा मित्राने छातीठोकपणे सांगितलं तरी त्यावर पैसे लावू नका.

त्याऐवजी एक साधी परीक्षा घ्या. नाव नसलेली बाटली आणि जिच्याशी ती जुळते असा दावा आहे ती बाटली, दोन्ही घ्या. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी तीन पेल्यांत ओतायला सांगा: दोन पेल्यांत एक दारू, तिसऱ्यात दुसरी, प्रत्येकी 5 मिलिलिटर. वेगळा पेला कोणता ते सांगा. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते, म्हणून हे तीनदा करा. तिन्ही वेळा अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता 27 मध्ये एक. तुम्ही तिन्ही वेळा बरोबर ठरलात तर दोन्ही बाटल्या वेगळ्या आहेत हे धरून चला. वारंवार चुकलात तरी दोन्ही एकाच भट्टीच्या आहेत असं सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते इतकंच की तुमच्या जिभेला त्यांच्यातला फरक कळत नाही, आणि मग महाग बाटलीचे जास्तीचे पैसे का द्यायचे हा प्रश्न तुमचा तुम्ही सोडवू शकता. तीन फेऱ्यांत मिळून 45 मिलिलिटर होतात. त्याहून जास्त ओतल्यास निकालाचा भरवसा राहत नाही.

नियम आणि तुमचे हक्क

- महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट 25 वर्षांची आहे आणि मद्यसेवन परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे.
- गोव्यात विकत घेतलेली बाटली गाडीत टाकून बांद्यामार्गे महाराष्ट्रात आणू नका. तिथे भरलेला कर महाराष्ट्रात धरला जात नाही. परवान्याशिवाय आणल्यास जप्ती आणि गुन्हा दोन्ही होतात. कुंकळ्ळीला भेट देणार असाल तर चव तिथेच घ्या.
- परदेशातून येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला 2 लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते.
- दुकानात पक्कं बिल मागा. छापील किमतीहून जास्त घेतले किंवा लेबलावरचा दावा फसवा निघाला तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. सील तुटलेलं वाटलं किंवा वास संशयास्पद असला तर दारू पिऊ नका. बाटली, झाकण आणि बिल तसंच ठेवून राज्य उत्पादन शुल्क विभागाला कळवा.
- बारमध्ये महाग माल्ट मागवलीत तर बाटली टेबलावर आणून समोर ओतायला सांगा. यात संकोचाचं काही नाही.
- 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. चाखायला बसायचं तर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या.

उघडलेली बाटली

बाटली उभीच ठेवा. आडवी ठेवल्यास जास्त टक्क्यांची दारू बुचाला खाते. उन्हापासून आणि ओट्याच्या उष्णतेपासून दूर, कपाटात ठेवा. हवेशी संबंध वाढला की धूर हळूहळू मंदावतो, त्यामुळे बाटली एक तृतीयांशावर आली की उरलेली दारू लहान, स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून घ्या आणि त्यावर मूळ नाव, टक्केवारी आणि उघडल्याची तारीख लिहा. पहिल्या दिवशी टिपलेले शब्द त्याच कागदावर ठेवले तर दोन महिन्यांनी पुन्हा चाखताना तुलना सोपी जाते.